वाऱ्याच्या नावावर

आमच्या खानदेशात माणसाचा हात-पाय एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडे झाले की 'वारं लागलं' म्हणतात. देशावर 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, बाजारपेठेच्या गावात 'लकवा मारला' म्हणतात आणि चार बुके शिकलेली माणसे 'अर्धांगवायू झाला' असे सांगतात. पण त्या भारदस्त शब्दातही शेवटी वायू आहेच. म्हणजे पारावरचा म्हातारा आणि शहरातला पदवीधर यांचे एका बाबतीत एकमत आहे. हे दुखणे बाहेरून येते, कुठून येते ते कळत नाही आणि ज्याच्या अंगावरून जायचे त्याच्या अंगावरून जाते. इंग्रज तरी काय वेगळे? त्यांचा 'स्ट्रोक' म्हणजे तडाखा. जुन्या काळी तो देवाच्या हातचा तडाखा मानला जाई. ग्रीक वैद्यांनी या दुखण्याला जे नाव दिले होते, त्याचाही अर्थ तडाखा बसून कोसळणे असाच होता.

रविवारच्या सकाळी वाचकांना शब्दांची व्युत्पत्ती सांगत बसण्याचे कारण एवढेच, की हा शब्द माणसाला दोनदा नाडतो. वारे कधी सुटेल हे कोणाला सांगता येत नाही, म्हणून आधी काही करायचे सुचत नाही. आणि वारे एकदा अंगावरून गेले की गेले, म्हणून नंतर घाई करायचीही गरज वाटत नाही. नंदुरबार तालुक्यातल्या रनाळ्यात, माझ्या गावात, निवृत्तीनंतर येऊन राहिल्यापासून मी हे पाहतो आहे. माणूस आडवा पडला की त्याला आधी गोधडीत गुंडाळतात. खिडक्या बंद करतात. कोणी गरम तेलाने अंग चोळतो, कोणी कबुतराचे रक्त लावायला सांगतो, कोणी अमुक गावच्या माणसाचा पत्ता देतो, जो ठरावीक वारीच औषध देतो. तो वार उजाडेपर्यंत घरचे थांबतात. हे सगळे मायेपोटी होते, त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. पण मेंदू थांबत नाही.

आम्हा कादंबरीकारांचाही यात हातभार आहे. मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमात पक्षाघात कसा होतो? मुलगा घर सोडून जातो, तार येते, वडील छातीला हात लावून खुर्चीत कोसळतात आणि पुढची शंभर पाने त्यांची वाचा बंद. शेवटच्या प्रसंगात सून पाया पडते आणि वाचा परत येते. कथानकाला ही सोय फार चांगली आहे. शरीर मात्र असे चालत नाही. तार येण्याआधी दहा-पंधरा वर्षे त्या वडिलांच्या रक्तवाहिन्यांत काय चालले होते, ते कोणी लिहीत नाही, कारण त्यात नाट्य नाही.

काय चाललेले असते? मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम पन्नासाव्या हिश्श्याएवढे. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. एवढा खर्चिक खातेदार, पण शिल्लक काही ठेवत नाही. क्षणाक्षणाला रक्त येईल ते वापरायचे. हे रक्त पोहोचवणारी एखादी वाहिनी गुठळीने तुंबली किंवा फुटली, की तिच्यावर अवलंबून असलेला मेंदूचा तुकडा मरू लागतो. दहांतल्या आठेक वेळा वाहिनी तुंबलेली असते, उरलेल्या वेळा फुटलेली. डावा मेंदू उजवे अंग चालवतो, म्हणून घाव एका बाजूला आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूला. बहुतेकांचे बोलणेही डाव्या मेंदूकडे असते, त्यामुळे उजवे अंग गेले की पुष्कळदा वाचाही जाते. मोठी वाहिनी तुंबली असेल तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, असा हिशेब २००६ साली अमेरिकेतल्या जेफ्री सेव्हर या मेंदुतज्ज्ञाने मांडला. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला आकड्यांची भीती वाटत नाही, पण हा आकडा वाचून मी चष्मा काढून ठेवला होता.

आता पारावरचा दुसरा समज. 'हे शहरातल्या बसून खाणाऱ्यांचे दुखणे. आपण राबणारी माणसे.' याचे उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीत मिळाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या ८६ गावांत, सुमारे ९४ हजार लोकवस्तीत, एप्रिल २०११ ते मार्च २०१३ अशी दोन वर्षे प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली. घरच्यांना भेटून, काय झाले, कसे झाले हे विचारून कारण निश्चित करायचे, अशी पद्धत. मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश कालकोंडे यांनी सहकाऱ्यांसह ते निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. दोन वर्षांत १५९९ मृत्यू झाले होते. त्यांतले २२९, म्हणजे शंभरात चौदा, पक्षाघाताने. दुसऱ्या कुठल्याही एका कारणाने त्या गावांत इतकी माणसे मेली नव्हती. गडचिरोली म्हटले की आपल्याला हिवताप आठवतो, कुपोषण आठवते. तिथे पहिला क्रमांक या दुखण्याचा निघाला. मेलेल्यांत जवळपास निम्म्या बायका होत्या. शंभरातली सत्त्याऐंशी माणसे घरीच गेली. आणि जवळजवळ निम्मी पहिला महिना संपायच्या आत.

भाताच्या शेतात आणि जंगलात राबणाऱ्या माणसांची ही गत, तर कापूस आणि मिरचीच्या आमच्या पट्ट्यात फार वेगळे असेल असे मानायला मला आधार दिसत नाही. अंगमेहनत चांगलीच, ती हवीच. पण ती रक्तदाब मोजत नाही.

सगळ्या गोष्टीची किल्ली या रक्तदाबात आहे. २०१० साली बावीस देशांतल्या, त्यांत भारतही होता, रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पक्षाघाताच्या एकूण धोक्यापैकी सुमारे नव्वद टक्के वाटा दहा कारणांचा असतो, असे त्यात दिसले : रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, रक्तातली चरबी, पोटाचा घेर, आहार, बैठेपण, दारू, मनावरचा ताण आणि हृदयाचे विकार. पुढे तोच अभ्यास आणखी देशांत वाढवला तेव्हाही पहिला नंबर रक्तदाबाचाच राहिला. जवळजवळ निम्मा धोका त्या एकट्याच्या खात्यावर. म्हणजे ज्याला आपण अवचित वारे म्हणतो ते बहुतांशी मोजता येण्यासारखे आहे.

मोजून काय करायचे, हे माणसाला फार उशिरा कळले. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची गोष्ट या बाबतीत ऐकण्यासारखी आहे. मार्च १९४४ मध्ये डॉ. ब्रूएन या हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासले, तेव्हा रक्तदाब १८६/१०८ होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला त्या वेळी देण्यासारखे औषध जवळपास नव्हते. विश्रांती घ्या, मीठ कमी करा, सिगारेट कमी करा, एवढेच. १२ एप्रिल १९४५ रोजी दुपारी त्यांनी डोके भयंकर दुखत असल्याचे सांगितले आणि ते बेशुद्ध पडले. दाब ३००/१९० झाला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन ते दोन-अडीच तासांत गेले. आणि त्यांच्या खासगी डॉक्टरांनी जगाला काय सांगितले? निरभ्र आकाशातून वीज पडावी तसे हे झाले. म्हणजे व्हाइट हाऊसमध्येही शेवटी सगळे वाऱ्याच्याच नावावर टाकले गेले.

त्यानंतर चारच वर्षांनी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. आपल्याकडे सापाच्या विषावर आणि वेडावर सर्पगंधेची मुळी पिढ्यान्‌पिढ्या देत आले होते. ती रक्तदाब उतरवते, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिले होते. वकिलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन, मोजमाप ठेवून, १९४९ साली परदेशी डॉक्टरांना पटेल अशा भाषेत मांडली. लेख वाचून बोस्टनच्या डॉक्टरांनी ती वापरून पाहिली; १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या कंपनीने तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले; १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाबाच्या गोळीचे युग सुरू होण्यात मुंबईच्या एका डॉक्टरचा एवढा वाटा आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत असायला हवे होते. (कृपा करून कोणी सर्पगंधा उकळून पिऊ नये. आज त्याहून कितीतरी निर्धोक आणि स्वस्त गोळ्या आहेत. त्या सरकारी आरोग्य केंद्रात फुकट आणि जन औषधी दुकानात अगदी कमी पैशांत मिळतात.)

तेव्हा औषध नव्हते आणि आज आहे. तरीही आमच्या गावात माणसे रूझवेल्टसारखी मरतात. का? मी पारावर विचारून पाहिले. बहुतेकांनी कधी मोजलेलाच नव्हता. 'मला काही होत नाही, मग मोजू कशाला?' हे पहिले उत्तर. रक्तदाब दुखत नाही, हीच त्याची लबाडी आहे. ज्यांनी मोजला होता आणि गोळी सुरू केली होती, त्यांतल्या कित्येकांनी ती बंद केली होती. एक काका मला म्हणाले, "आते बरं वाटस ना, मंग गोयी कसाले खावानी?" डॉक्टरने मोजून 'नॉर्मल आहे' सांगितले, म्हणून गोळी सुटली. मी त्यांना म्हटले, "काका, सोसायटीचं कर्ज वेळच्या वेळी भरता म्हणून नोटीस येत नाही. नोटीस येत नाही म्हणून भरायचं बंद करता का?" काका हसले. गोळी पुन्हा सुरू केली की नाही, ते त्यांच्या सूनबाईंना विचारावे लागेल. दुसरी तक्रार 'गोळीची सवय लागते' ही. भाकरीचीही लागते.

वरचा आकडा १४० च्या किंवा खालचा ९० च्या वर दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी आला, तर तो वाढलेला समजतात. वरचा आकडा दहाने जरी खाली आणला तरी पक्षाघाताचा धोका सुमारे चौथ्या हिश्श्याने घटतो. एवढ्या थोड्या हप्त्यात एवढा फायदा देणारी योजना मी तरी बँकेच्या नोकरीत पाहिली नाही.

मग मिठाकडे यावे लागते, आणि इथे मी सावध बोलतो, कारण खानदेशी माणसाच्या ताटाला हात लावायचा आहे. कळण्याच्या भाकरीत मीठ, ठेच्यात मीठ, लोणच्यात मीठ, उन्हाळ्यात गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्या-पापडांत मीठ, शेवेच्या भाजीतल्या शेवेत मीठ, आणि वर ताटाच्या कडेला चिमूटभर वेगळे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, एवढी मर्यादा सांगते. ती ओलांडायला आमच्याकडे दुपारचे जेवण पुरते. तिखटाला माझी हरकत नाही. नंदुरबारच्या मिरचीची बदनामी मी करणार नाही. पण तिखट सोसावे म्हणून मीठ वाढते, हे घरच्या बायकांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. चीनमध्ये ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर एक प्रयोग झाला. निम्म्या गावांत नेहमीचे मीठ, निम्म्या गावांत असे मीठ की ज्यात चौथा हिस्सा पोटॅशियमचा क्षार होता. पाचेक वर्षांनी, २०२१ साली निकाल आला : दुसऱ्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. तेच लोक, तेच जेवण, फक्त मिठाचा पुडा बदलला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तंबाखूबद्दल पुरुषांना पुष्कळ सांगून झाले आहे. सकाळी दात घासायची म्हणून मिश्री लावणाऱ्या आणि मग दिवसातून पाच वेळा लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूच आहे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्यापुरती सांगायलाच हवी. सातपुड्याच्या भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ आहे. यात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक वाहिन्या तुंबवतात. मेंदूचीही तुंबू शकते. त्यामुळे शाळकरी पोराचा हात लुळा पडला, तर 'याला कसलं वारं, पोर आहे' म्हणून थांबू नये. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. तपासणीचे पथक येईल तेव्हा पोरांना शेतावर धाडू नये.

आता तासांचा हिशेब. आमच्या आळीत पन्नाशीच्या आसपासची एक बाई आहे. नंदुरबारजवळच्या मिरचीच्या पथारीवर देठ खुडायला ती रोजाने जात असे. मागच्या हिवाळ्यात एके सकाळी भाकरी थापताना तिचा उजवा हात गळाला आणि जीभ जड झाली. वीस मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. घरच्यांनी नारळ फोडला. खरे तर तो इशारा होता. गुठळी येऊन आपोआप विरघळली होती, आणि अशा इशाऱ्यानंतरचे पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे असतात. चौथ्या दिवशी पहाटे पुन्हा हात गेला, या वेळी पाय आणि वाचाही. गोधडी, तेल, औषधवाला असे करत तिला तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? नवऱ्याने बोटे मोजून सांगितले, धाकट्याच्या बाळंतपणात. धाकटा आता पंचवीस वर्षांचा आहे.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते. त्याचा उपयोग १९९५ साली सिद्ध झाला. पहिल्या तीन तासांत द्यायचे असे तेव्हा ठरले, पुढे ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठ्या वाहिनीतली गुठळी मांडीच्या शिरेतून तार घालून बाहेर ओढण्याची सोय आता मोठ्या शहरांत आहे आणि निवडक रुग्णांना ती आणखी उशिरापर्यंत चालते. पण आधी सीटी स्कॅन हवाच. वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे बाहेरून निष्णात डॉक्टरलाही खात्रीने सांगता येत नाही, आणि फुटलेल्या वाहिनीवर ते इंजेक्शन म्हणजे मरण. म्हणूनच घरी ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. तोंडात पाणी, चहा, साखर काही घालू नये. गिळणे बिघडलेले असले तर ते फुप्फुसात जाते. एका कुशीवर निजवावे.

ओळखायला शिक्षण लागत नाही. माणसाला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का? दोन्ही हात समोर उचलायला सांगा; एक खाली येतो का? आपले नाव-गाव सांगायला सांगा. बोबडे येते का? एकाएकी तोल जाणे, डोळ्यांपुढे अंधार येणे, कधी नव्हे असे डोके फुटणे, हीही लक्षणे. यातले एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करा आणि घड्याळ पाहा. माणूस शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला होता, ती वेळ कागदावर लिहा, कारण दवाखान्यात पहिला प्रश्न तोच असतो. रनाळ्याहून नंदुरबार तासाच्या आत येते, धुळे त्याच्या पुढे दोन-एक तास, सुरत आणखी लांब. साडेचार तासांत हे बसते, पण वाटेत तीन दवाखाने बदलले तर बसत नाही. म्हणून रात्री-अपरात्री सीटी स्कॅन चालू असलेले आणि ते इंजेक्शन देणारे जवळचे रुग्णालय कोणते, याची चौकशी आजच, घरात सगळे ठीक असताना करून ठेवावी. लग्नाचा हॉल आपण सहा महिने आधी पाहून ठेवतो.

सरकारकडून काही मागायचे तर मी एवढेच मागेन. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे चोवीस तास स्कॅन आणि हे इंजेक्शन मिळेल, अशी पाटी प्रत्येक ग्रामपंचायतीत लागली पाहिजे, आणि पाटीवर लिहिलेले खरे असले पाहिजे. २०१७ च्या अखेरीस रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम ज्या पाच राज्यांत आधी सुरू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. तेव्हा गोळ्या आणि नोंदवह्या आपल्याला नव्या नाहीत. बाकीचे काम गावाचे आहे. दूध डेअरीत रोज सकाळी फॅट मोजायचे मशीन आहे. सोसायटीत कापसाचा काटा आहे, तो ग्रॅमनेही चुकला तर भांडणे होतात. त्याच टेबलावर दोन-अडीच हजारांचे रक्तदाबाचे मशीन का नसावे? चेअरमनसाहेबांशी मी बोललो. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मशीन घेऊ. पण डेअरीवर दूध घालायला येतात ते पुरुष. बाया कुठं येतात?"

मुद्दा खरा होता. गेल्या महिन्यापासून मशीन महिन्यातले दोन दिवस बचत गटाच्या बैठकीत जाते. आशाताई मोजतात, आकडा बचतीच्या वहीतच शेवटच्या पानावर लिहितात. पहिल्या बैठकीत एकोणीस बायका होत्या. सहा जणींना आरोग्य केंद्रात पाठवावे लागले. त्यांतल्या चौघी गेल्या. उरलेल्या दोघींच्या घरी आशाताई या आठवड्यात जाणार आहेत.

देठ खुडणारी ती बाई आता काठी धरून अंगणापर्यंत येते. पहिले तीन-चार महिने व्यायामाने जेवढे परत येते तेवढे पुढे येत नाही, आणि तिचे पहिले महिने मालीश करण्यात गेले. आता तिची सून मोबाइलवर व्यायामाची चित्रे पाहून रोज तासभर हात हलवून घेते. वाचा अर्धी आली आहे. रक्तदाबाची गोळी चुलीशेजारच्या फळीवर, मिठाच्या बरणीच्या जागी ठेवली आहे. बरणी माळ्यावर गेली.